डाव्या चाकाखालचं लिंबू

आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कोणी मला अंधश्रद्धाळू म्हणायला नको. मी ज्या यार्डात काम करते तिथे लिंबू-मिरचीला बंदी आहे आणि ती मीच घातली आहे. ड्रायव्हर लोक माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे!

मिस्टरांची सेंट्रल गव्हर्नमेंटची नोकरी, म्हणून आम्ही साताऱ्याहून दिल्लीत आलो. घर द्वारकेत, आणि माझी नोकरी मानेसरजवळच्या एका गोदामात, ट्रकच्या सेफ्टीची. ब्रेक, दिवे, टायर बघायचे, शीट भरायची, सही करायची. माझ्या सहीशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट, सकाळचे साडेनऊ. जगबीरजी माल भरून जयपूरला निघाले होते. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांच्या भाचीचं लग्न होतं म्हणून साहेबांची परवानगी काढून बायकोला, बिमलाला, सोबत घेतलं होतं. त्यांच्याकडे लग्नात मामा 'भात' घेऊन जातो, म्हणजे बहिणीला आहेर. आपल्याकडे नवरीला मांडवात आणायला मामा लागतो ना, तसंच. संध्याकाळच्या आत पोहोचायलाच हवं होतं.

ट्रकला आदल्या संध्याकाळी पुढचे दोन्ही टायर नवे बसवले होते. बिमलाने पिशवीतून दोन लिंबं काढली आणि पुढच्या चाकांसमोर एकेक ठेवलं.

"मैडम जी, आज मना मत करना. शगुन का काम है."

लग्नाला निघालेली बाई... मी म्हटलं, चलो, ठीक आहे. जगबीरजींनी ट्रक दहा-बारा फूट पुढे घेतला. उजवीकडच्या लिंबाची चटणी झाली. डावीकडचं होतं तिथेच होतं. पिवळंधमक, अख्खं.

"बाजू से निकल गया होगा," म्हणत जगबीरजींनी गाडी मागे घेतली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. चाक लिंबावर चढलं आणि उतरलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. लिंबू तसंच! बिमलाने ते उचलून माझ्या हातात दिलं. मऊ, रसाळ लिंबू. सालीवर साधा ओरखडा नव्हता.

ती रडायलाच लागली. "ना जाऊँ मैं. इन्हें भी ना जाने दूँ."

मला राग आला. म्हटलं, थांब, टायर चांगला आहे हे तुला दाखवतेच. टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसले. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत त्याची सगळी कुंडली असते – किती वजन, किती वेग. उजव्या टायरवर 'के', म्हणजे ताशी एकशे दहा. डाव्यावर... 'एफ'. ऐंशी. आणि खाली आणखी एक ओळ: फक्त ट्रेलरसाठी. साइज तीच, दिसायला जुळा भाऊ. पण तो पुढे लावायचाच नसतो.

चूक माझीच होती. कारण आदल्या दिवशी मी उजवा टायर नीट वाचला होता आणि डाव्याच्या रकान्यात नुसतं 'सेम' लिहिलं होतं. घरी जायची कॅब हॉर्न देत होती. खाली सही माझी.

"धीरे चला लूँगा, मैडम जी. अस्सी से ऊपर जाता ही कौन है?" जगबीरजी म्हणाले.

"नहीं. पीछे का फटा तो आप गाड़ी सँभाल लोगे. आगे का फटा तो स्टीयरिंग हाथ में नहीं रहेगा. और बगल में ये बैठी हैं."

"बहन के यहाँ मेरी नाक कट जाएगी!"

"कटने दो." मी किल्ली काढून पर्समध्ये टाकली. मग त्यांच्या बहिणीला मीच फोन लावला आणि सांगितलं की उशीर माझ्या चुकीने होतोय. साहेबांनाही तेच लिहून दिलं. दीड तास जगबीरजी माझ्याकडे पाठ करून बसले.

टायर बदलला. बिमलाने तेच लिंबू, त्याच जागी, पुन्हा ठेवलं. ट्रक वीतभर सरकला असेल नसेल, पचकन रस उडाला.

रात्री मिस्टर म्हणाले, "अगं, खड्डा असेल. नाहीतर टायरच्या खाचेत बसलं असेल. यार, कावळा बसायला आणि फांदी तुटायला!" दुसऱ्या दिवशी मी पोलादी पट्टी लावून काँक्रीट तपासलं. सपाट. खाचेत माझं बोट जेमतेम जातं, लिंबू कुठून मावणार? कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही पाहिलं. चाक दोन्ही वेळा लिंबावरूनच गेलंय.

तो टायर रस्त्यात फुटलाच असता असं मी म्हणत नाही. ते कोणालाच कळणार नाही. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. त्या शीटवरचं 'सेम' डावा टायर न वाचताच लिहिलंय हे सबंध यार्डात फक्त मला माहीत होतं. मग ते लिंबू...? उत्तर कोणाकडे असेल तर जरूर सांगा. फक्त खड्डा म्हणू नका.

त्या संध्याकाळी उशिरा जयपूरहून फोन आला होता. मागे ढोलक वाजत होती, बायका गात होत्या. जगबीरजी एवढंच म्हणाले, "पहुँच गए, मैडम जी. भात हो गया."

लिंबाची बंदी मी अजून उठवलेली नाही. पण 'सेम' मात्र त्यानंतर एकदाही लिहिलं नाही. रोज प्रत्येक ट्रकसमोर दोनदा गुडघे टेकते, आधी उजवीकडे, मग डावीकडे.