सातवेढे आणि झोपलेला काटा

पाइपाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळताना बाकीचे प्लंबर तीन वेढे मारतात, फार तर चार. आपले गृहस्थ सात मारायचे, आणि वरून बोटभर पेस्ट. म्हणून सगळी वस्ती त्यांना सातवेढे म्हणायची. रागात असली की बायकोसुद्धा. त्यांनी बसवलेला नळ गळल्याची तक्रार चाळीस वर्षांत एकदाही आली नव्हती. तो नळ पुढेमागे काढायची वेळ आलीच, तर मात्र काढणारा घाम पुसत पुसत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

सातवेढ्यांची व्हॅन त्यांच्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. मागे पाइप, पाने, करवत आणि कधी ना कधी लागेल म्हणून ठेवलेल्या दोनशे वस्तू. डावं दार आतून उघडायचं नाही. त्यामुळे बायकोला उतरवायला सातवेढे स्वतः वळसा घालून जायचे आणि दार उघडून अदबीने उभे राहायचे. बघणाऱ्या बायका आपापल्या नवऱ्यांना कोपराने ढोसायच्या.

मुलाचं नळांच्या सामानाचं दुकान होतं. त्याने वडिलांसाठी दुकानात एक गादीची खुर्ची आणून ठेवली होती. "बाबा, गुडघे बोलतात ना आता? इथे बसा. गिऱ्हाइकांना सल्ला द्या." नुसतं बसून सल्ला द्यायचा म्हणजे जिवंतपणीच भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसण्यासारखं. बरीच वादावादी झाली आणि शेवटी घरात तह झाला: ज्या दिवशी व्हॅनचं इंजिन उघडावं लागेल, त्या दिवशी व्हॅन भंगारात आणि बाबा खुर्चीत.

आणि एका शनिवारी सातवेढ्यांना व्हॅनखाली तेलाचा ठिपका दिसला.

ज्याच्या हातचा नळ कधी टिपकला नाही, त्याच्या स्वतःच्या गाडीखाली ठिपका! त्यांनी अंगठ्याने तेलाचा माग काढत नेला. इंजिनात तेलाचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो, बोटाएवढा. त्याच्या आट्यांतून तेल पाझरत होतं. सातवेढ्यांना हसू आलं. आटे म्हणजे तर आपलं खातं! त्यांनी सेन्सर काढला, पुसला, सात वेढे मारले, पेस्ट लावली, गच्च आवळला आणि हात धुऊन निवांत झोपले.

रविवारी लेकीच्या नव्या घरी नळ बसवायला जायचं होतं. सकाळी त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर आडवा. बोटाने टिचकी मारली, फुंकर मारली, "ऊठ रे बाबा" म्हणून झालं. काटा ढिम्म. दाब शून्य म्हणजे इंजिनात तेलच फिरत नाही. म्हणजे इंजिन उघडा. म्हणजे खुर्ची. त्यांनी झटकन इंजिन बंद केलं. कालच्या हातच्या कामाबद्दल शंका मात्र त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

त्यांचं घर चढावर आणि ताईंचं गॅरेज उताराच्या टोकाला. सातवेढ्यांनी गिअर काढला, ब्रेक सोडला आणि व्हॅन घरंगळत निघाली.

"बंद गाडीत बसून कुठे चाललात?" खिडकीतून बायको.

"पेट्रोल वाचवतोय!"

"चाळीस वर्षांत आजच कशी बुद्धी झाली?" असं म्हणत तिने पायात चपला सरकवल्यासुद्धा.

ताई म्हणजे पन्नाशीच्या मेकॅनिक. वडिलांच्या पश्चात गॅरेज त्याच बघायच्या. केसांत पेन्सिल, कानात कापूस, आणि जिभेवर तेलपाणी भरपूर.

"काका, आज गाडी वरात काढल्यासारखी हळू आली?"

"ताई, काटा शून्यावर गेलाय." सातवेढ्यांचा आवाजही शून्यावर. "इंजिन उघडावं लागेल का, तेवढंच सांग. आणि हळू सांग."

"पेशंट आत घेतला नाही तोवर रडू नका हो. काटा पडला म्हणजे दाबच पडला असं कुठे आहे? कधी कधी सांगणाराच खोटं बोलतो." ताईंनी तेल मोजायची पट्टी काढून बघितली. तेल पुरेसं होतं. मग सेन्सरला पाना लावला. सेन्सर हलेना. ताई एक पाय बंपरवर देऊन ओढत होत्या. शेवटी कर्रकन आवाज करत तो सुटला. आट्यांवर पांढरीशुभ्र टेप, शेवग्याच्या शेंगेएवढी जाड.

ताईंनी एकदा टेपकडे बघितलं, एकदा सातवेढ्यांकडे. सातवेढ्यांना वाटलं, कामाची दाद देतायत. ते नम्रपणे खाली बघू लागले.

ताईंनी सेन्सरच्या जागी नळी असलेलं स्वतःचं मीटर बसवायला घेतलं. "हे वायरबियर काही ओळखत नाही. तेल सरळ याच्यात येऊन ढकलतं. खरं काय ते हेच सांगेल."

सातवेढ्यांचा हात आपोआप खिशात गेला. "चारदोन वेढे मारू का?"

"खिशातून हात काढा आधी!"

एवढ्यात बायको धापा टाकत दारात येऊन उभी राहिली. सातवेढ्यांनी खिशातून हात काढला. आता लपवायलाही काही उरलं नव्हतं.

"किल्ली फिरवा, काका."

त्यांनी डोळे मिटून किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. डोळे उघडायचा धीर होईना.

"अहो, बघा तरी!" हे बायको म्हणाली.

मीटरचा काटा सरसर चढून मधोमध जाऊन थांबला होता. ताईंनी इंजिनाची गती वाढवली, तो आणखी वर गेला. तरण्या इंजिनाला लाजवेल असा दाब. सातवेढ्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की समोरच्या काचेवर वाफ धरली.

"इंजिन ठणठणीत आहे," ताई म्हणाल्या. "आता आजारी कोण ते बघू." इंजिन बंद करून त्यांनी मीटर काढलं, टेपवाला सेन्सर परत बसवला, वायर जोडली, इंजिन सुरू केलं. गाडीतला काटा शून्यावर. मग एक सुटी वायर घेतली, तिचं एक टोक सेन्सरच्या अंगाला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. काटा ताडकन उठून बसला. वायर काढली, आडवा. लावली, उभा.

"काका, या सेन्सरला अर्थिंग मिळतं ते त्याच्या आट्यांमधून. लोखंडाला लोखंड टेकलं तर वीज जाणार. तुम्ही त्याला सात पदरी रजई पांघरलीत आणि वर मलम चोळलंत. मग तो झोपणार नाही तर काय?"

 बायको जी हसायला लागली, ती एका टायरवर जाऊन बसली. "गाडीला भंगारात आणि तुम्हाला खुर्चीत घालायला निघाली होती तुमची टेप!"

ताईंनी टेप खरवडून काढली, आटे ब्रशने घासले आणि सेन्सर तसाच, उघडाबोडका आवळला. सातवेढ्यांना ते बघवेना. थंडीत कुणाच्या लेकराला स्वेटरशिवाय बाहेर काढावं तसं त्यांचं तोंड झालं. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून त्यांनी तीनदा फडका फिरवून बघितला. फडका कोरडा.

"गळत नाही," ते अविश्वासाने म्हणाले.

"नीट आवळलं की नाही गळत. आधी ढिला होता, एवढंच," ताई म्हणाल्या.

"इंजिन उघडावं लागलं नाही ना?" बायकोने ताईंना विचारलं, साक्षीदाराला विचारावं तसं.

"हात नाही लावला."

"मग मुलाला सांगते, ती खुर्ची उचल म्हणून. गिऱ्हाइकांच्या पायात येते." आणि सातवेढ्यांकडे वळून, "चला, लेक वाट बघत असेल. पण तिकडे तीन वेढे हं! जावयाला पुढे तो नळ काढायचाय."

"चार," सातवेढे म्हणाले. आज ते काहीही कबूल करायला तयार होते, पण तीन म्हणजे फारच झालं.

वळसा घालून त्यांनी डावं दार उघडलं, बायकोला अदबीने बसवलं. व्हॅन चढाला लागली. काटा मधोमध उभा होता आणि सातवेढे त्याच्याकडे टक लावून बघत चालवत होते.

"रस्त्याकडे बघा," बायको म्हणाली. "काट्याकडे मी बघते."