पायाचा ठोका

"हाताकडं काय बघतुयास? पायाकडं बघ की!"

ड्रमवर बसण्याआधी उजव्या पायातली चप्पल काढायची आणि मला हे सुनावायचं, ही चाचांची रीत. आमच्या ऑर्केस्ट्रात ते ड्रम वाजवत, मी बेस गिटार. एरवी ते सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर चादरी विणत. उभं आयुष्य त्या खडखडाटात गेलेलं.

तुम्ही लग्नात असा ऑर्केस्ट्रा ऐकला असेल, तर आम्हा दोघांकडे तुमचं लक्ष गेलेलं नसणार. लोक गाणाऱ्याकडे बघतात. पण तेव्हा तुमचा पाय नकळत हलला असेल, तर ते आमचं काम.

सुरुवातीला आमचं जमेना. मी बोटांची करामत दाखवायचो. एका रविवारी चाचांनी मला एकट्याला बोलावलं आणि तासभर एकच ठेका धरला. मोठ्या ड्रमवर त्यांचा पाय पडला की त्याच क्षणी माझी तार वाजली पाहिजे.

"दोन आवाज आले तर चुकलं. एकच आला पायजे. आन लई वाजवू नगं, जागा सोड."

कधीतरी दोन्हींचा एक आवाज झाला. चाचांनी डोळे मिटले. "हां, आता बसलं."

त्याच दिवशी मला कळलं, मागाने त्यांचे कान नेले होते. माझ्या स्पीकरला स्टूल चिकटवून ते बसत. माझी तार त्यांना अंगात कळायची. "कुनाला सांगू नगंस," म्हणाले.

मग ती दुपार. मंगल कार्यालय भरलेलं. मधलं संगीत संपण्याआधीच मी पुढच्या कडव्यात शिरलो. चाचा आपल्या जागी बरोबर होते. गाणं कोसळलं, लोक हसले. आमचा मालक, तोच गायक, चाचांवर ओरडला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून गिटारची खुंटी पिळत राहिलो.

जेवताना मालकाने विचारलं, "चाचांना ऐकू येतं ना रे?"

"कमी येतं," मी म्हणालो.

खोटं नव्हतंच ते. खरं बोलून मी स्वतःला वाचवलं. पुढच्या कार्यक्रमाला चाचांच्या जागी ठेक्याचं मशीन होतं.

चार महिने मी त्यांच्या गल्लीतून जाणं टाळलं. शेवटी धीर करून मालकाला सांगितलं, त्या दिवशी चूक माझी होती.

"असू दे की. आता मशीन घेतलंय," तो म्हणाला.

तसाच चाचांकडे गेलो. ते सामान बांधत होते. दुधनीला मुलीकडे कायमचे निघाले होते. त्यांच्या कानाशी वाकून मी सगळं सांगितलं. मालकाला काय बोललो, तेही.

"ठावं हाय मला. तू आदी शिरलास."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी दोरीची गाठ आवळली. "तू बोलशील म्हनून थांबलो की."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "धर जरा," म्हणत त्यांनी पेटीची एक कडी माझ्याकडे दिली. आम्ही ती रिक्षात ठेवली. रिक्षा कोपऱ्यावरून वळली. त्यानंतर चाचा सोलापूरला आले नाहीत, आणि दुधनीला जायचं माझं धाडस झालं नाही.