बद्रीभाऊंचा कौल आणि मधला प्लग

सत्यशीलाच्या ओम्नीला गाडी म्हणावं तर मागचं दार दोरीनं बांधलेलं, आणि न म्हणावं तर वस्तीवरच्या निम्म्या बाळंतिणी तिनंच नेकनूरच्या दवाखान्यात पोचवलेल्या. नवरा धर्मराज उसाच्या हंगामात कारखान्याला ट्रक घेऊन जायचा, तो पार हंगाम संपेपर्यंत उगवायचा नाही. गाडी दारात नुसती धूळ खायची. एक दिवस बाईनं पदर खोचला आणि स्टेअरिंग धरलं. बाप्ये हसले. हसू द्या की! हसणाऱ्यांच्याच बायका पुढं तिच्या गाडीतून बाजाराला जाऊ लागल्या. दुरुस्तीही तीच करायची, कारण मिस्त्रीकडं गाडी टाकली की तो रोज 'उद्या या' म्हणतो.

पण मार्चातल्या त्या सकाळी घोडं पेंड खाऊन बसलं. पुढचं सीट उचलून ती खाली इंजिनावर वाकलेली. तीन प्लगांपैकी दोन मुकाट्यानं निघाले, आणि नेमका जो मेला होता तो मधला प्लग जागचा हलेना. दोन सिलिंडरवर फडफडणारी गाडी वस्तीपुढची चढण चढत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चढणीपलीकडं नेकनूर, आणि नेकनूरच्या शाळेत आज दहावीचा पहिला पेपर. साडेदहाच्या आत वर्गात पोचलं पाहिजे. पेपर शेजारच्या बद्रीनाथच्या वैष्णवीचा. ती कंपासपेटी छातीशी धरून अंगणात उभी होती.

आता या बद्रीनाथचं ऐका. पोरीला आष्टीकडचं स्थळ चालून आलेलं. आत्ता ठरवू, अठराची झाली की करू, तोवर शाळा बंद करून तिला घरकामात तयार करा, असं त्या लोकांचं म्हणणं. बद्रीनाथ माणूस वाईट नव्हे, पण काही ठरवायची वेळ आली की त्याच्या अंगात हीव भरतं. आदल्या दिवशी त्यानं भैरोबाला कौल लावला. फूल उजवीकडून पडलं तर परीक्षा, डावीकडून पडलं तर स्थळ. फूल पडलंच नाही! मग या शहाण्यानं काय करावं? सकाळी आपली मोटारसायकल मेव्हण्याला देऊन त्याला बाजाराला धाडलं, आणि जाहीर केलं, "वहिनीची गाडी चढण चढली तर पेपर. न्हाई चढली तर देवाची मर्जी." असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, दुसरं काय!

"वहिनी, लई येळ लागतोय," तो म्हणाला.

"मग तुमी काढा!" सत्यशीला कडाडली.

तिनं गाडी थोडा वेळ चालवून इंजिन तापवलं होतं. आटे सैल व्हावेत म्हणून प्लगच्या बुडाशी डिझेल सोडलं होतं. पुन्हा पाना लावला आणि सोडायच्या आधी केसभर आवळून पाहिलं, कारण अडकलेल्याला एकदम उलटं ओढलं की तो रुसतो. मग हळूच सोडायच्या बाजूला ताण दिला. कर्र. हात तिथंच थांबला. हा आवाज प्लग सुटल्याचा की मोडल्याचा? मोडला तर निम्मा आतच राहणार, इंजिनाचं सगळं हेड खोलावं लागणार, आणि पोरीचं वर्ष गेलं म्हणून समजा.

बॅटरीच्या उजेडात तिनं पुन्हा पाहिलं. प्लगच्या खोबणीत तांबूस गंज, आणि त्या गंजात खोबऱ्याचा एक काळा पडलेला तुकडा. हात्तिच्या! खंडेनवमीला अख्खी वस्ती गाडीच्या चाकापाशी नारळ फोडते. ही बाई मात्र दरवर्षी सीट उचलून थेट इंजिनावर फोडायची. राबतंय ते इंजिन, मग नारळाचं पाणी चाकाला कशापायी, असा तिचा हिशेब. तेच पाणी खोबणीत साचून आटे धरून बसलं होतं.

"देवाची मर्जी न्हाई, बद्रीभाऊ. माझा येडेपणा हाय ह्यो," ती पुटपुटली.

त्याला ते ऐकूच गेलं नाही. तो कुठूनसा हातभर लोखंडी पाईप घेऊन आला आणि पान्याच्या दांडीवर चढवू लागला. "सरका, एका हिसक्यात काढतो."

तिनं त्याच्या मनगटावर फटका मारला. "हात लावू नगा! मोडला म्हंजे देवावर ढकलून मोकळं व्हायचंय व्हय तुमाला?"

बद्रीनाथ गोरामोरा झाला. त्यानं पाईप खाली ठेवला.

पुन्हा डिझेल. जरा आवळ, जरा सोड. पुन्हा आवळ, पुन्हा सोड. घाम डोळ्यांत उतरत होता आणि ती चक्क शिव्या हासडत होती, प्लगला, बद्रीनाथला, स्वतःलाही. कर्र. कर्र. मग पाना एकदम हलका झाला. श्वास रोखून तिनं तो वर उचलला. प्लग अख्खा होता, आट्यांसकट.

"निघाला गं बया!" ती ओरडलीच. नवा प्लग बसवला, काढलेले दोन परत लावले, वायरी जोडल्या, चावी फिरवली. तिन्ही सिलिंडर धडधडू लागले. बद्रीनाथनं हात जोडले. "कौल दिला देवानं! वैष्णवे, बस लवकर."

अंगणात वैष्णवी नव्हती. घरात नव्हती. दोघांनाही ती कधी गेली ते कळलं नव्हतं.

बद्रीनाथला शेजारी बसवून सत्यशीलानं गाडी दामटली. चढण एका दमात पार झाली. माथ्यापलीकडच्या वळणावर पोरगी दिसली, चपला हातात घेऊन उन्हात झपाझप चाललेली. पायी वेळेत पोचणं शक्यच नव्हतं.

बद्रीनाथ खिडकीतून ओरडला, "अगं, कशापायी निघालीस? मी कौल लावलता न्हवं?"

"तुमी लावलता, आबा," वैष्णवी धापा टाकत म्हणाली. "मी न्हाई."

"आन गाडी आलीच नसती तर?"

"तर उशीर झाला असता."

सत्यशीलानं गाडी बाजूला घेऊन थांबवली. बद्रीनाथ खाली उतरला. त्यानं पोरीच्या हातातल्या चपला घेऊन तिच्या पायांपाशी ठेवल्या, तिला पुढच्या सीटवर बसवलं, आणि स्वतः मागं जाऊन बसला.

"चला वहिनी," तो म्हणाला, "येळ न्हाई."