पूजेत बसवलेलं लाल नळकांडं

प्रत्येक घरात आग विझवायचं नळकांडं असलंच पाहिजे, तसा कायदाच हवा, हे मी त्या काळी तंजावुरात इतक्या जणांना ऐकवलं होतं की ओळखीचे लोक मला पाहून रस्ता बदलू लागले होते. मी एका विमा कचेरीत कारकून होते आणि आगीच्या दाव्यांच्या फायली माझ्याच टेबलावर येत. गॅसची शेगडी, मिक्सर, टीव्ही, सगळं घरोघर नव्यानं येत होतं आणि भिंतीतल्या वायरी मात्र बापजाद्यांच्या वेळच्या. पापनाशमकडच्या एका जळलेल्या घराचे फोटो पाहिले. काळ्याठिक्कर भिंतीवर खिळ्याला झारा तसाच लटकत होता. त्यानंतर कचेरीला निघाले की बसस्टॉपवरून दोनदा परत फिरायचे, गॅस बंद आहे ना बघायला.

नवरा चेष्टा करायचा. सरकार सगळे परवाने काढून टाकायला निघालंय आणि तू लोकांच्या स्वयंपाकघरात नवा परवाना घुसवतेस, म्हणायचा. शिवाय कायदा केला तरी आपला कारभार आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी म्हणायचे, तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांसाठीच कायदा लागतो. शेवटी चिडून मी स्वतःच तिरुचीहून एक नळकांडं आणलं, बसमध्ये मांडीवर घेऊन.

सासूबाई पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या मराठी घरातल्या, बोलणंही तिथलं जुन्या वळणाचं; त्यांनी ते स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. त्यांची मडी, म्हणजे सोवळं, फार कडक. अंघोळ करून ओल्या हातानं त्या शेगडीशी गेल्या की तिथं परकी वस्तू चालायची नाही, आणि हे तर बसमधून दहा जणांचे हात लागून आलेलं. ते बाहेर ओसरीत पडून राहिलं. मला राग यायचा, पण त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग आयुधपूजा आली, आपली खंडेनवमी. मला युक्ती सुचली. कोयता, कात्री, कचेरीचं पेन आणि नवऱ्याच्या मोपेडची किल्ली यांच्या रांगेत मी ते नळकांडंही मांडलं. चंदन लावलं, कुंकू लावलं, गळ्यात माळ घातली. सासूबाईंनी बराच वेळ पाहिलं, मग वाकून माळ सरळ केली. मी जिंकले, असं मला वाटलं. एकदा पूजा झाली की त्याला शेगडीशी जागा मिळणारच होती.

पण पूजेत बसलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. मोपेडसुद्धा उभीच होती आणि नवरा बाजारात टाउन बसनं गेला होता.

संध्याकाळी बायका कोलू, म्हणजे नवरात्रात मांडलेली बाहुल्यांची आरास, पाहायला यायच्या होत्या. सासूबाई वडे तळत होत्या आणि मी पूजेपाशी समईत तेल घालत होते. आत कढईतलं तेल पेटलं. त्यांनी मला हाक मारली, फार मोठ्यानंही नाही. मी वळून पाहिलं, ज्वाळा त्यांच्या खांद्यापर्यंत आल्या होत्या. मी नळकांड्याकडे हात नेला आणि तो तसाच थांबला. चंदन अजून ओलं होतं. देवाला विचारल्याशिवाय कसं उचलू, एवढंच डोक्यात. सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारी मी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! किती वेळ उभी होते ते मला आजही सांगता येत नाही.

"अगे, घे तें," त्या आतून म्हणाल्या. "देवास मी सांगेन."

मी माळ तोडली, धावले, पिन ओढून खटका दाबला. पांढरी भुकटी सगळीकडे उडाली आणि आग लगेच विझली. सासूबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

आलेल्या बायकांना त्यांनी सांगितलं, वडा उंचावरून टाकला, तेल उडून पेटलं, माझीच चूक. नवऱ्यालाही तेच सांगितलं. मी उभी राहिले होते हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही, आणि मलाही बोलायचं धैर्य झालं नाही. कायदा हवा असं मला अजूनही वाटतं, हट्टी आहे मी. पण आमच्या घरात कायद्याविनाही नळकांडं होतं, आणि ते वाक्य आता तोंडातून निघता निघता अडखळतं.

दहाबारा दिवसांनी त्यांच्या हाताची पट्टी बदलताना मला राहवलं नाही. मागचं दार उघडं होतं, तुम्ही बाहेर का नाही गेलात, असं मी जरा रागानंच विचारलं. राग खरं तर माझा माझ्यावर होता.

त्या माझ्याकडे नवलानं पाहू लागल्या. "तें आणलेंस त्या दिवशीं तूच म्हटलीस, पळूं नका, मला हाक मारा, मी येतें," त्या म्हणाल्या. "मी हाक मारली. तू येतेस म्हणून उभी राहिलें."