वडप्याच्या तांदळावरची बुरशी

१९९१ साल. मी शेहेचाळीस वर्षांचा होतो आणि भिवंडीच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हंगामी शिपाई होतो. हंगामी म्हणजे दर सहा महिन्यांनी ऑर्डर संपायची आणि पुन्हा नवी निघायची. असं सहा वर्षं चाललं होतं. शिक्षण माझं चौथी. त्याआधी मागावर होतो. लूमच्या खडखडाटाने कान जड झाले म्हणून ते काम सोडलं.

प्रयोगशाळेत एक मॅडम होत्या. ठाण्याहून यायच्या. त्यांचं संशोधन बुरशीवर. कॉलेजात सगळे हसायचे, की लोक बुरशी फेकून देतात आणि ही बाई पाळते. हसणाऱ्यांत मीही होतो. मग एक दिवस त्यांनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. काचेवर पाण्याच्या थेंबात बुरशीचा धागा होता. त्यांनी ब्लेडच्या टोकाने तो कापला आणि म्हणाल्या, "मामा, आता बघा." कॉलेजात शिपायाला सगळेच मामा म्हणतात.

मी डोळा लावला. कापल्या जागेतून धाग्याच्या आतला रस भसकन बाहेर आला. वाटलं, आता सगळा धागा रिता होणार. पण न्हाय. धाग्यात थोड्या थोड्या अंतरावर पडदे होते आणि प्रत्येक पडद्याला बारीक भोक. पहिल्याच पडद्याच्या भोकात एक चमकता ठिपका जाऊन बसला आणि रस थांबला. पलीकडचं सगळं जसंच्या तसं.

"त्याला सांगितलं कुणी?" मी विचारलं.

"तेच शोधतेय," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं. बुरशीच्या खाद्यासाठी बटाटे उकडून त्याच्या पाण्यात साखर आणि चायनाग्रास घालायचं, काचेच्या नळ्यांत ओतायचं, नळ्या कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढायच्या, हे सगळं माझ्याकडे आलं. वर मॅडमनी सांगून ठेवलेलं, की जिथे बुरशी दिसेल तिथून चिमूटभर आणा आणि कुठून आणली ते विसरू नका. मी बेकरीतून आणली, सुताला खळ लावतात त्या सायझिंगच्या गटारातून आणली, मशिदीमागच्या चामड्याच्या दुकानातून आणली. दुकानदार म्हणायचा, "चचा, ले जाओ, सब ले जाओ, दुआ दूँगा."

आता नळीवर चिठ्ठी लावायची तर माझं अक्षर मलाच लागत नाही. म्हणून मी सूत बांधायचो. बेकरीला लाल, गटाराला निळं, असं. सूत आमच्या गावात पायाखाली पडलेलं असतं. जागेप्रमाणे खाद्यातली साखर कमीजास्त, म्हणून नळ्या कुकरमध्ये जायच्या आधीच सूत बांधायचो. पण एकदा फुकटातलं लाल सूत कच्च्या रंगाचं निघालं. मी नळ्या सुतासकट कुकरमध्ये घातल्या आणि शिट्टी होऊन झाकण काढलं तर सगळी सुतं गुलाबी. लाल कुठलं, पांढरं कुठलं, काही कळेना. त्या खेपेच्या सगळ्या नळ्या फेकल्या. मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या. हेडक्लार्क पुढे महिनाभर मला विचारायचा, "काय शास्त्रज्ञ, आज कुठला रंग?"

तेव्हापासून मी रंग सोडला आणि गाठी धरल्या. मागावर तुटलेला धागा जोडतात ती गाठ, बारीक आणि न सुटणारी. एक गाठ बेकरी, दोन गटार, असं जागेप्रमाणे. मॅडम त्यांच्या वहीत गाठी मोजून जागा लिहायच्या. गाठीचा रंग जात नाही.

सात गाठी म्हणजे वडपे. तिथल्या एका धान्याच्या गोदामात माझा मेहुणा हमाल होता. त्याला भेटायला गेलो तर मागच्या थप्पीतली पोती खाली ओली, वर पिवळट हिरवी झालेली. मी मूठभर तांदूळ कागदात बांधून आणला. मॅडमनी त्यातली बुरशी वाढवली आणि नाचायच्याच बाकी राहिल्या. तिच्यातला ठिपका मोठा, स्वच्छ दिसणारा. दीड वर्ष त्या त्याच बुरशीवर बसल्या. मग लेख लिहिला. त्याची सुरुवातच अशी, की ही बुरशी वडपे गावातल्या गोदामातल्या तांदळावर मिळाली.

लेख बाहेर पाठवायचा तर आधी प्राचार्यांची सही लागायची. प्राचार्यांच्या टेबलावरून तो संस्थेच्या अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष म्हणजे तालुक्याचे पुढारी. गोदाम त्यांच्या भावाचं. तिथला तांदूळ आश्रमशाळांना जायचा. निवडणूक तोंडावर आलेली.

मला केबिनमध्ये बोलावणं आलं. आत अध्यक्ष, प्राचार्य, मॅडम आणि हेडक्लार्क. अध्यक्ष म्हणाले, "या मामा, बसा."

शिपायाला त्या खोलीत कुणी कधी बसा म्हटलेलं नव्हतं. मी उभाच राहिलो.

"तुमचं किती वर्षं झालं हंगामी?"

"आठ."

"फार झालं हो. यंदा कायम करून टाकू." त्यांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. त्याने दोन कागद पुढे सरकवले. एक माझी कायमची ऑर्डर, सहीपुरती राहिलेली. दुसऱ्यावर काय टाइप केलंय ते मी त्यालाच वाचायला लावलं. लिहिलेलं असं, की मी कमी शिकलेला असून नळ्यांच्या खुणांत माझ्याकडून गोंधळ झाला, आणि सदर बुरशी कुठून आणली हे मला सांगता येत नाही.

"चूक माणसाकडूनच होते," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. "ते गुलाबी प्रकरण तर सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे."

 खोटं सांगत नाही, ती चूक खरी होती. मी मनात मोजलं. गुलाबी झालं ते उन्हाळ्यात. वडप्याला गेलो पावसाळा संपल्यावर. तोवर गाठी आलेल्या. सात गाठी, मी स्वतः मारलेल्या.

"साहेब, लाल रंग गेला तेव्हा मी नळ्या फेकल्या," मी म्हणालो. "ही नळी नंतरची हाय. गोंधळ झालेला न्हाय."

"मामा, तुला चिमूटभर तांदळाचं एवढं काय पडलंय?"

अहोजाहो गेलं ते माझ्या जड कानांनीही टिपलं. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

बाहेर व्हरांड्यात मॅडम माझ्या मागे आल्या. "मामा, सही करा. मी गावाचं नाव गाळते. बुरशी तीच राहणार, ठिपकाही तोच राहणार."

"मग कुठली म्हणून लिहिणार?"

"कॉलेजच्या आवारातली माती."

"मॅडम, तुम्हीच म्हणला होता, कुठून आणली ते विसरू नका."

"म्हणाले होते. माझं काय, मी दुसरीकडे शिकवीन. तुमचं कायम व्हायचं आहे, घरी पोरीचं लग्न आहे."

"पोरीचं लग्न मी बघीन. तुम्ही तुमचं बघा."

हे मी जास्त तोडून बोललो. त्यांचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, पण माघार घेणं माझ्या अंगात नाही. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. आयुष्यातला पहिला. पाच ओळींना पाऊण तास लागला. तांदूळ मी वडप्याच्या गोदामातून आणला. नळीला सात गाठी मी मारल्या. गोंधळ झालेला नाही. मी चौथी शिकलो आहे पण मोजता येतं. आपला, आणि खाली सही. वेलांट्या चुकल्या असतील.

हेडक्लार्कने वाचला आणि परत ढकलला. "वेडा झालास का मामा? हा घेऊन जा, मी पाहिलाच नाही."

"आवक नंबर टाका."

"अरे, घरी जाऊन बायकोला तरी विचार."

"शिक्का मारा. मारल्याशिवाय मी हलत न्हाय."

मी खरंच हललो नाही. चहावाला आला, गेला. दोन प्राध्यापक रजेचे अर्ज देऊन गेले. शेवटी त्याने शिक्का उचलला, मारला आणि हळूच म्हणाला, "अक्षर बरं आहे की." मी नंबराची पावती घेऊन खिशात घातली आणि अर्जाची नक्कल मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली.  पेन घेतलं आणि लेखाच्या पहिल्या पानावर, जिथे कुणीतरी पेन्सिलीने वडपे खोडलं होतं, तिथे शाईने पुन्हा वडपे लिहिलं. प्राचार्यांच्या सहीशिवायच, घरच्या पत्त्यावरून त्यांनी तो पाठवला. छापून यायला दोन वर्षं लागली. तोवर त्या पुण्याला गेल्या होत्या. एक प्रत मला टपालाने आली. इंग्रजीत होती. वडपे कुठे लिहिलंय ते मला पोरीने बोट ठेवून दाखवलं.

पण ते नंतरचं. अर्ज दिला त्याच दिवशी पाच वाजता हेडक्लार्क स्वतः प्रयोगशाळेत आला. एरवी तो पाय टाकत नसे, वास येतो म्हणून. हातात कागद. हंगामी कामाची गरज उरलेली नाही, उद्यापासून येऊ नये. मी वाचून घेतलं, पोच दिली, गॅस बंद केला, चाव्या मॅडमच्या हातात दिल्या.

"मामा," त्या म्हणाल्या.

"कुकरचं रबर बदला," मी म्हणालो. "वाफ जाते."

घरी बायकोने विचारलं, "केली का सही?"

"केली."

"कायमच्या कागदावर?"

"न्हाय. माझ्याच कागदावर."

तिने माझ्याकडे पाहिलं, पीठ मळायला घेतलं आणि म्हणाली, "मग आता घरी बसून माझं डोकं खाऊ नका म्हणजे झालं."

सकाळी लवकर उठून दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि कल्याण रस्त्याने कोनला गेलो. तिथल्या सायझिंगच्या दारात मुकादम विडी ओढत उभा होता.

"पहले किधर था?"

"कॉलेज में."

"मास्टर था?"

"न्हाय. बुरशी संभालता था."

तो इतका हसला की ठसका लागला. मग त्याने खळीच्या पिंपाकडे बोट केलं. पहिल्या शिफ्टचा भोंगा व्हायला दहा मिनिटं होती. मी धुतलेला शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि ढवळायचा दांडा हातात घेतला.