जुन्या गिऱ्हाइकाचा भाव

सोफावाल्यांच्या दुकानात भावाची पाटी नव्हती, कारण भाव माणसागणिक वेगळा होता. एकदा कोणाची खुर्ची शिवून दिली, की त्या गिऱ्हाइकाला तो भाव जन्मभर लागू. कापड महागलं, फोम महागला, तरी जुन्याला जुनाच भाव. वाढ सोसायची ती नव्यांनी. काही म्हाताऱ्यांच्या खुर्च्या तर ते चक्क पदरमोड करून शिवत. दुकानात मशीनवर बसणारी बायको म्हणायची, "तुम्ही धंदा करता की दानधर्म?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "इतकी वर्षं येतायत, त्याला काही किंमत आहे की नाही?"

असा माणूस जगालाही आपल्याच टेपनं मोजणार. घराचा विमा त्यांनी घर घेतलं तेव्हाच काढला होता. दर वर्षी कंपनी बँकेतून परस्पर हप्ता कापून घेई आणि नूतनीकरणाचं पाकीट न फोडताच कपाटात जाई. आपण जुने, म्हणजे आपला भावही जुना, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. शिवाय त्या कंपनीवर त्यांचा जीव होता. एके वर्षी भिंतीतला पाइप फुटून सगळं घर भिजलं, तेव्हा कंपनीचा तपासनीस बूट दाराबाहेर काढून आत आला, उलट्या बादलीवर बसून चहा प्याला आणि म्हणाला, "काळजी करू नका, मी आहे." भरपाई खरंच वेळेवर मिळाली. तो बिचारा कधीच निवृत्त झाला होता, पण सोफावाल्यांच्या लेखी कंपनी म्हणजे अजूनही तोच.

भ्रमाचा भोपळा फोडला मेहुण्यानं. बायकोचा हा धाकटा भाऊ नुकताच त्यांच्याच इमारतीत, बरोबर वरच्या मजल्यावर राहायला आला होता. खोल्या तेवढ्याच, भिंती त्याच, विमाही त्याच कंपनीचा. रविवारी चहाला आला असताना त्यानं सहज आपल्या हप्त्याचा आकडा सांगितला. बायको उठली आणि तिनं कपाटातलं ताजं पाकीट फोडलं. यांचा हप्ता जवळजवळ दुप्पट होता.

"नव्या गिऱ्हाइकाला सवलत देतात, दाजी," मेहुणा म्हणाला.

"नव्याचे नऊ दिवस. पुढच्या वर्षी तुझाही वाढेल."

"मग पुढच्या वर्षी मी दुसरीकडे जाईन." हे त्यानं बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं.

बायकोनं तिथल्या तिथे निकाल दिला. हप्ता महिनाअखेरीला कापला जाणार होता. त्याआधी एकतर नव्या गिऱ्हाइकाचा भाव मिळवायचा, नाहीतर कंपनी सोडायची. सोडायची म्हटल्यावर सोफावाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना कुठेही जायचं नव्हतं. इतकी वर्षं आपण राहिलो, हे तिकडे कोणीतरी जमेस धरावं, एवढंच त्यांना हवं होतं.

सोमवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी फोन लावला. बायकोनं मशीन थांबवलं. पलीकडच्या मुलीचा आवाज गोड होता. तिला त्यांनी सगळं सांगितलं, पाइप, तपासनीस, अगदी बादलीसुद्धा. तिनंही मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"सर, नोंद दिसतेय मला. पण जुन्या ग्राहकांना हाच दर आहे."

"म्हणजे मी आज पहिल्यांदाच आलो असतो, तर तुम्ही मला स्वस्तात दिलं असतं?"

"हो, सर."

"आणि इतकी वर्षं आलो, म्हणून महाग?"

"तसं म्हणता येणार नाही, सर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण हो."

बायकोनं दोन बोटांची कात्री करून हवेत चालवली. सोफावाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. कोणाच्या घरी फार वेळ बसल्यावर उठताना म्हणतात, तसं ते हळूच म्हणाले, "बरं. मग मी जातो."

"एक मिनिट, सर."

मिनिटही लागलं नाही. त्यांच्यासाठी खास सवलत मंजूर झाली होती, आणि नवा हप्ता मेहुण्यापेक्षाही कमी होता. "थांबताय ना, सर?" मुलीनं विचारलं. ते थांबतो म्हणाले.

बायको खूश झाली. "बघा, रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही म्हणतात, ते हेच." पण सोफावाले फोन हातात धरून तसेच बसलेले. "आता काम झालं ना? मग चेहरा का उतरलाय?"

"इतकी वर्षं राहिलो, ते कोणाला दिसलं नाही. जातो म्हटल्याबरोबर दिसलो," ते म्हणाले. "मला वाईट वाटलं गं."

तिनं मशीनमधला दोरा तोडला. "मग मीही एकदा म्हणून बघू का? जाते म्हणून?"

ते हसले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती, पण हसतही नव्हती. तिनं पुन्हा मशीन सुरू केलं.

संध्याकाळी ते दुकान बंद करून घरी आले, तेव्हा बायको सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तो सोफा त्यांनीच शिवलेला, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांतून. पाठ तपकिरी, बैठक हिरवी, एका हाताला पट्टे आणि दुसऱ्याला फुलं. इतकी वर्षं ती रोज त्यावर बसत आली होती, आणि हे आज त्यांना दिसत होतं. ते शरमले. नव्या गिऱ्हाइकाच्या घरी न्यायचा कापडाच्या नमुन्यांचा गठ्ठा त्यांनी आज काखेत मारून आणला होता. तो त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला.

"कुठलं लावायचं, सांग."

तिनं एकेक नमुना बोटांत धरून चुरगाळून पाहिला. "यातलं कोणाचं उरलंय?"

"कोणाचंच नाही. तू सांगशील ते नव्या ताग्यातून कापतो."

ती शेवटच्या नमुन्यापर्यंत आली होती. हे ऐकून तिनं गठ्ठा उलटला आणि पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतला.