चारकोपच्या वडावरची रडारं

रविवारी सकाळी मुलुंडहून चारकोपला निघाले ती सत्कारच होणार या खात्रीनं. तिथल्या एका सोसायटीच्या वडावर मोठी वटवाघळं राहतात. वड तोडायचा का, यावर अकरा वाजता सभा होती. आठवड्यापूर्वी मीच घरोघरी पत्रक वाटलं होतं : ‘प्रत्येक वटवाघूळ म्हणजे जिवंत रडार! वड वाचवा!’

बस लिंक रोडवर रखडली. खड्डा बुजवायला यांना वर्ष लागतं, झाड तोडायला एक सकाळ पुरते, हे मी शेजारच्या गृहस्थांना सविस्तर ऐकवलं. ते पुढच्याच स्टॉपला उतरले.

चारकोपला तळमजल्यावरच्या मालवणी काकूंनी घरात ओढलं, पुढ्यात घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) ठेवले.

“खा आधी. मगे भांडूया.”

“भांडण कशाचं?”

“गच्चीवरचो मोबाइल टॉवर तुझा पत्रक वाचून काढूक लावलो. आता तूच सांगतंस, झाडार रडारां लटाकतत. मगे तेंचा रेडिएशन गो?”

हातातला घावणा मी परत ताटात ठेवला. टॉवरविरोधी पत्रकही खरंच माझंच होतं!

सभेत अख्खी सोसायटी वडाच्या जिवावर उठलेली. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहिले. विमानतळावर रडार दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली.

“तत्त्व एकच. काहीतरी सोडायचं, आपटून परत आलेलं टिपायचं, समोर काय आहे ते ओळखायचं. पण रडार रेडिओलहरी सोडतं, वटवाघूळ आवाज. आवाजाचं कसलं आलंय रेडिएशन?”

मी टाळ्या वाजवल्या.

“थांब गं. तेही किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांचं. ही फळं खाणारी. ही सरळ डोळ्यांनी बघतात.”

“म्हणजे पत्रकाची वाटच लागली ना!” सेक्रेटरी खूश.

चूक कबूल करायची मला सवय नाही. पण वड जाणार होता.

“हो, चुकलं माझं. ना रडार, ना टॉवर. फळं खातात, बिया टाकतात, बस.”

“आणि माझ्या गाडीवर हागतात!” सेक्रेटरी ओरडले.

“तेही खरं.”

सगळे हसले, आणि हात वर झाले. वड राहिला. गाडी हलवायची ठरली. मला शिक्षा : प्रत्येक घरी जाऊन पत्रक स्वतः दुरुस्त करायचं. दुपारभर दारोदार ‘रडार’ खोडत फिरले.

निघताना वडाखाली थांबले. वरून एक वटवाघूळ उलटं लटकून टकामका माझ्याकडे बघत होतं. केवढे मोठे डोळे! आठवड्यापूर्वी याच झाडाखाली उभी राहून मी घसा फाटेस्तोवर ओरडले होते, मान मात्र एकदाही वर केली नव्हती.